पकड कोणाची, नाव कोणाचं?



आज एका कोड्यापासून सुरुवात करू या. कबड्डीचं मैदान आहे. समोरचा गडी 'कबड्डी कबड्डी' करत आपल्या अंगणात आला. आपल्या कोपऱ्यातल्या मुलाने झेप घेऊन त्याचा घोटा धरला. दुसऱ्याने कंबरेला मिठी मारली. तिसऱ्याने छातीने रेटा दिला. चढाई करणारा तरीही घसटत घसटत मध्यरेषेकडे निघाला, तेव्हा चौथा आडवा झाला आणि रेषेकडे गेलेला त्याचा हात त्याने वरच्या वर अडवला. दम संपला, शिट्टी वाजली, गडी बाद!

आता सांगा, गुण किती मिळाला? एक. आणि पकडणारे किती? चार. मग हा एक गुण कोणाच्या नावावर लिहायचा?

"चौघांना पाव पाव द्या," असं कुणीतरी म्हणालंच असेल! हिशेब चांगला आहे. पण गुणलेखकाच्या वहीत पाव गुणाला जागा नसते. तिथे नाव एकाचंच लागतं, आणि ते बहुतेक वेळा पकड सुरू करणाऱ्याचं, म्हणजे घोटा धरणाऱ्याचं असतं. कंबर, छाती आणि हात अडवणारे तिघे अंगावरची माती झटकतात आणि आपापल्या जागी जाऊन उभे राहतात.

आता याच्या उलट बघा. समजा गडी निसटला आणि त्याने मध्यरेषा गाठली. मग कोण बाद? ज्यांचा ज्यांचा त्याला स्पर्श झाला ते सगळे. चौघे धरायला गेले असतील तर चौघेही बाहेर, आणि त्या गड्याला एकदम चार गुण! म्हणजे पकड जमली तर नाव एकाचं आणि फसली तर शिक्षा सगळ्यांना. मदतीला धावणाऱ्याचा हा सौदा तोट्याचाच आहे. तरीही तो धावतो. अशा मुलाला आकड्यांत कसं शोधायचं, हा आपला आजचा विषय.

लठ्ठा आणि लिलाव

आमच्या आलापल्लीत सागवानाचा डेपो आहे. जंगलातून आलेले लठ्ठे तिथे ओळीने मांडतात. प्रत्येकाची लांबी मोजतात, घेर मोजतात, वर नंबर टाकतात, प्रत ठरवतात आणि मग लिलाव होतो. लांबी आणि घेर मिळाला की घनमीटर निघतात. हे गणित सातवीतल्या मुलालाही जमेल.

पण मुरलेला व्यापारी तेवढ्यावर बोली लावत नाही. तो लठ्ठ्याच्या दोन्ही टोकांकडे वाकून पाहतो, गाठी पाहतो, चीर पाहतो, लाकूड ठोकून आवाज ऐकतो. का बरं? कारण घेर मोठा असला तरी लाकूड आतून पोकळ असू शकतं. टेप बाहेरून फिरतो, आत शिरत नाही. टेप खोटं बोलत नाही, पण त्याला जेवढं विचारलं तेवढंच तो सांगतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

लिलाव आता खेळाडूंचाही होतो, हे तुम्हाला माहीत आहेच. प्रो कबड्डी २६ जुलै २०१४ ला सुरू झाली. खेळाडूंचे गट पाडतात, प्रत्येक गटाची मूळ किंमत ठरवतात आणि संघमालक बोली लावतात. बोली लावताना त्यांच्यासमोर आकड्यांचे तक्ते असतात: कोणाचे चढाईचे गुण किती, कोणाचे पकडीचे गुण किती, एका सामन्यात सरासरी किती.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत झालेला लिलाव आठवा. प्रत्येक संघाला खर्चाला मिळून ५ कोटी रुपये होते. चढाईपटू पवन सेहरावत याला तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा एकट्यावर! इराणचा मोहम्मदरेझा शादलुई हा डाव्या कोपऱ्यात खेळणारा बचावपटू. त्याला पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाखांना घेतलं. त्या लिलावातल्या या सर्वांत मोठ्या दोन बोली.

पुढे काय झालं? साखळी फेरीत प्रत्येक संघाचे २२ सामने झाले. टायटन्सने त्यांतले फक्त २ जिंकले आणि ते तळाला राहिले. पवन खेळला नाही असं मुळीच नाही. तो खोऱ्याने गुण मिळवत होता. पण एकट्याच्या गुणांनी संघ वर येत नाही. पुण्याने १७ सामने जिंकले आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादला अंतिम सामन्यात हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून अजिंक्यपद मिळवलं.

यावरून "चढाईपटू घेऊ नका, बचावपटूच घ्या" असा धडा काढाल तर तोही घाईचा ठरेल. शादलुई कोपऱ्यातून झेप घेत होता, तेव्हा त्याच्या शेजारी कव्हरच्या जागेवर अबिनेश नाडराजन आणि संकेत सावंत यांच्यासारखे भक्कम गडी होते. कोपऱ्याने घोटा धरायचा आणि कव्हरने दार बंद करायचं, असा तो कारखाना होता. नुसता घोटा धरून भागत नाही, कुणीतरी दार लावावंच लागतं!

मुंबईकरांना याहून जुनं उदाहरण आठवेल. यू मुंबा २३ ऑगस्ट २०१५ ला बंगळुरू बुल्सला ३६-३० असं हरवून विजेता झाला. कर्णधार अनुप कुमार. कोपऱ्यांत मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा, कव्हरला जीवा कुमार आणि आपला मुंबईचा विशाल माने. चौघांची अशी भिंत, की चढाईपटू आत शिरण्याआधी दोनदा विचार करायचा.

जिथे गुणच नसतो

असाच प्रश्न जगात आणखी कुठे पडला असेल का? पडला आहे, आणि फार मोठ्या प्रमाणावर. अमेरिकेत 'फुटबॉल' म्हणतात तो खेळ आपल्या फुटबॉलसारखा नाही. त्यात लांबट चेंडू हातात घेऊन पळतात आणि फेकतात. एक खेळाडू चेंडू फेकायला उभा असतो आणि त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी ओळीने उभे राहतात. या ओळीला 'ऑफेन्सिव्ह लाइन' म्हणतात. समोरून धावून येणाऱ्यांना दोन-तीन सेकंद थोपवायचं, एवढंच त्यांचं काम. हे पाच जण एरवी चेंडू फेकत नाहीत, झेलत नाहीत, घेऊन पळतही नाहीत. त्यांच्या नावापुढे गुणच नाही! आपल्या कव्हरवाल्याला निदान अधूनमधून एखादा गुण मिळतो, या बिचाऱ्यांना तोही नाही.

तिथे दरवर्षी कॉलेजच्या खेळाडूंची निवड होते. तिला 'ड्राफ्ट' म्हणतात. १९३६ पासून ही पद्धत चालू आहे. लिलावात बोली लागते, ड्राफ्टमध्ये पाळीपाळीने निवडतात. गल्लीत दोन कर्णधार "तू एक घे, मी एक घेतो" म्हणत संघ पाडतात ना, तसंच. साधारणपणे आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाची पाळी आधी. आपल्याकडेही २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो सुरू झाली, तेव्हा खेळाडू ड्राफ्टनेच निवडले होते.

आता या ओळीतल्या गड्यांचा क्रम लावायचा कसा? गुण नाहीत म्हटल्यावर मोजता येईल ते सगळं मोजू लागले. उंची, वजन, हाताची लांबी. ४० यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, पळायला किती सेकंद लागतात. १०२ किलोची दांडी किती वेळा उचलता येते.

या मोजमापाची दोन माणसं सांगतो.

पहिला टोनी मॅन्डरिच. धिप्पाड, आणि तरी वाऱ्यासारखा पळणारा. मोजमापात तर अचाटच! १९८९ मध्ये त्याची निवड देशात दुसऱ्या क्रमांकावर झाली. पण प्रत्यक्षात तो अपेक्षेइतका चालला नाही आणि तीन हंगाम खेळल्यावर त्या संघाने त्याला सोडून दिलं. पुढे २००८ मध्ये त्याने स्वतःच सांगितलं, की कॉलेजात असताना तो ताकदीची बंदी असलेली औषधं घेत होता. आला ना लठ्ठा आठवणीत? घेर मापला, आत कोणी पाहिलं नाही. गोष्टीचा शेवट मात्र वाईट नाही. पुढे तो पुन्हा मैदानात आला आणि आणखी तीन हंगाम नीट खेळला.

दुसरा जेसन केल्सी. ओळीच्या अगदी मधोमध खेळणारा. वजनाने इतरांपेक्षा हलका, म्हणून २०११ मध्ये त्याची निवड झाली थेट १९१ व्या क्रमांकावर! खरं तर पळण्यात तो त्या वर्षीच्या लाइनवाल्यांत सर्वांत पुढे होता. आकडा समोर होता, पण लोकांनी वजनाचाच रकाना पाहिला. हा केल्सी १३ हंगाम खेळला, त्याच्या संघाने तिथलं सर्वोच्च विजेतेपद मिळवलं आणि तो देशाच्या सर्वोत्तम संघात ६ वेळा निवडला गेला.

म्हणजे आकडे वाईट का? नाही हो! एकदा आकड्यांनी फसवलं, पण दुसऱ्यांदा आकडे बरोबर सांगत होते आणि माणसांनी ऐकलं नाही. नुसतं मोजून भागत नाही. काय मोजायचं, हे आधी ठरवावं लागतं. हळूहळू तिथल्या जाणकारांनी नवा रकाना आखला. चेंडू फेकायची वेळ किती वेळा आली, आणि त्यांतल्या किती वेळा या गड्याच्या बाजूने शत्रू आत शिरला? बघा, गुण नसला तरी मोजता आलं. त्याने काय मिळवलं ते नाही, त्याने काय होऊ दिलं नाही ते मोजलं.

पाटी-पेन्सिल घ्या

चला, आता हेच आपण कबड्डीत करू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण गणित खरं आहे.

समजा कोपऱ्यात खेळणारे दोन जण आहेत, बनियन नंबर ४ आणि बनियन नंबर ७. दोघेही ८ सामने खेळले.

नंबर ४: पकडीचे प्रयत्न ६०, यशस्वी २४.
नंबर ७: पकडीचे प्रयत्न ३०, यशस्वी १८.

गुणांच्या तक्त्यात कोण वर? नंबर ४. पण थांबा, शेकडेवारी काढा. नंबर ४ ची ६० पैकी २४, म्हणजे ४० टक्के. नंबर ७ ची ३० पैकी १८, म्हणजे ६० टक्के. आणखी एक पायरी पुढे जा. फसलेल्या प्रत्येक पकडीत समोरच्याला निदान १ गुण मिळतो. नंबर ४ ने २४ मिळवले आणि ३६ घालवले, म्हणजे १२ ने खड्ड्यात. नंबर ७ ने १८ मिळवले आणि १२ घालवले, म्हणजे ६ ने वर. तक्ता उलटा झाला की नाही? पहिला नियम: किती मिळवलं हे विचारलं, की कितीपैकी हेही विचारा.

आता कव्हरचा नंबर ५. त्याच्या नावावर ८ सामन्यांत फक्त ६ गुण. तक्त्यात तळाला. त्याच्यासाठी वहीत नवीन रकाना आखा आणि त्यावर लिहा 'मदत'. पकड दुसऱ्याने सुरू केली, पण याच्या हाताशिवाय गडी सुटला असता, अशी प्रत्येक वेळ एक फुली. मोजणारे दोघे असावेत आणि दोघांनी वेगवेगळं लिहावं. शेवटी फुल्या जुळल्या तर मोजणी पक्की. नाही जुळल्या तर 'मदत' कशाला म्हणायचं, हे आधी नीट ठरवा. दुसरा नियम: वहीत रकाना नसला म्हणजे काम झालंच नाही, असं समजू नका.

काही काम मात्र फुलीनेही धरता येत नाही. धानाच्या शेताला पक्कं कुंपण असलं की रानडुक्कर त्या बाजूला फिरकतच नाही. कुंपणाने किती डुकरं अडवली, हे कोण लिहून ठेवणार? तसंच कोपऱ्यात तयारीचा गडी असला की चढाईपटू त्या बाजूला जातच नाही, मोकळ्या हातांनी परत फिरतो. प्रो कबड्डीत अशा दोन चढाया लागोपाठ रिकाम्या गेल्या, की तिसरी 'करो या मरो' होते. गुण मिळवा, नाहीतर बाद. म्हणजे रिकाम्या चढाईलाही मोल आहे, पण ते कोणाच्याच नावावर चढत नाही.

यावर उपाय आहे. नंबर ५ मैदानात असताना समोरच्याने किती चढायांत गुण मिळवले, आणि तो बाहेर असताना किती, ते मोजा. पण इथे एक खोच आहे, बरं का! नंबर ५ बाद असला म्हणजे मैदानात माणसंही कमी असतात आणि कमी माणसांत गुण जाणारच. मग तुलना सारखी कशी होईल? म्हणून मैदानात बरोबर पाच जण होते तेवढ्याच चढाया वेगळ्या काढा. समजा पाचांत नंबर ५ होता अशा २० चढाया, त्यांत समोरच्याने ७ वेळा गुण मिळवला. पाच जण होते पण नंबर ५ नव्हता अशाही २० चढाया, त्यांत १२ वेळा. एकीकडे ३५ टक्के, दुसरीकडे ६० टक्के. आता कळलं, तळाला असलेला हा मुलगा संघाला काय देतो ते! तिसरा नियम: तुलना सारख्याची सारख्याशी करा.

आणि चौथा नियम, मोजक्या शब्दांत. नाणं चार वेळा उडवलं आणि चारही वेळा छापा आला, तर नाणं खोटं ठरत नाही. एका दिवसाच्या, एका सामन्याच्या आकड्यांवर माणसाचा क्रम लावू नये. वरच्या २० चढायासुद्धा थोड्याच आहेत. पन्नास होऊ द्या, शंभर होऊ द्या. समोर तालुक्याचा संघ होता की शेजारच्या वर्गाचा, हेही बाजूला लिहून ठेवा.

बारा नावं

तुम्ही म्हणाल, सर, हे कोटींचे हिशेब आणि अमेरिकेच्या गोष्टी आम्हाला कशाला? सांगतो.

शालेय स्पर्धांसाठी तालुक्याचा, जिल्ह्याचा संघ निवडतात. आश्रमशाळांचे सामने आधी प्रकल्पाचे, मग विभागाचे, मग राज्याचे होतात. दर वेळी कागदावर नावं बारा. निवडणाऱ्याला बहुतेक वेळा एकच दिवस मिळतो. कोणी उड्या मारून दोन गुण मिळवले, तो डोळ्यांत भरतो. साखळीत चौथा हात घालणारी मुलगी दिसत नाही. आणि आपल्या भामरागड-एटापल्लीकडच्या मुलांना तर त्या एका दिवसासाठीही किती लांबून यावं लागतं! तो दिवस फुकट गेला, की पुढची संधी वर्षाने. अनेकांचं तर वयच निघून जातं.

आमच्या शाळेत सरावाच्या वेळी मुलांनी हा 'मदत' रकाना महिनाभर भरला. सातवीतली एक मुलगी कव्हरला खेळते. फार बोलत नाही, शर्यतीत मधल्या फळीत येते. तिच्या नावापुढे पकडीचे गुण होते ३. मदतीच्या फुल्या निघाल्या ३१! सगळ्यांत जास्त. वही वाचून झाल्यावर मुलंच तिच्याकडे बघायला लागली. ती म्हणाली, "मी तर नुसतं धरून ठेवते, सर." त्या 'नुसतं'मध्येच सगळं आलं, नाही का? त्यानंतर वर्गाच्या संघाची यादी मुलांनी लिहिली, तेव्हा तिचं नाव त्यांनी दुसरं लिहिलं.

म्हणून माझं सांगणं एवढंच. आकड्यांना घाबरू नका आणि त्यांच्यापुढे लोटांगणही घालू नका. कोणताही तक्ता समोर आला, मग तो खेळाडूंचा असो, शाळेच्या गुणांचा असो की गावांच्या क्रमवारीचा, आधी विचारा: यात काय मोजलंय? कितीपैकी? आणि कोणता रकाना राहून गेलाय? यादीत तुमचं नाव खाली असेल तर लगेच हिरमुसू नका. वर असेल तर तुमच्यासाठी दार लावणारा कोण होता, ते आठवा.

करून पहा

या आठवड्यात मैदानावर दोन सामने बघा. खेळू नका, फक्त मोजा. वहीत पाच रकाने आखा: नाव, पकडीचे प्रयत्न, यशस्वी पकडी, मदत, बाद. दोघांनी मिळून मोजा, पण एकमेकांच्या वहीत डोकावू नका. सामना संपल्यावर आधी नुसत्या गुणांवरून पहिले तीन बचावपटू निवडा. मग सगळे रकाने पाहून पुन्हा तीन निवडा. दोन्ही याद्यांत फरक पडला का? कोण आत आला, कोण बाहेर गेला? खो-खो खेळत असाल तर तिथे 'मदत' कशाला म्हणायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणि हो, दुसऱ्या यादीत जो नव्याने आला असेल, त्याला ते जरूर सांगा. त्याला आजवर कुणीच सांगितलं नसेल!

भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमचे सर